तोतया, टपाल आणि दूरध्वनी

फसणारा मनुष्य मूर्ख असलाच पाहिजे, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. वर्तमानपत्रात एखाद्या फसवणुकीची हकिकत छापून आली, की वाचणारा दोन शब्दांत निकाल देऊन मोकळा होतो: फसलेला गृहस्थ एक तर अडाणी असावा, नाही तर लोभी असावा. हे दोन्ही दोष आपल्या ठायी नाहीत, अशी प्रत्येकाची स्वतःविषयी खात्री असतेच. परंतु अलीकडच्या काळात दूरध्वनीवरून आणि आंतरजालावरून जे लोक नागवले गेले, त्यांच्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, सेवानिवृत्त अधिकारी आहेत, मोठमोठे कारखानदार आहेत. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, दुसऱ्यांच्या चुका हेरल्या आणि दुसऱ्यांना सावधगिरीचे धडे दिले, अशी ही माणसे. यांना बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? मग ही बुद्धी ऐन वेळी कोठे गेली होती, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाची काही पाने चाळणे उपयोगाचे ठरेल. कारण साधने नवी असली, तरी ही कला फार जुनी आहे.

मराठी माणसाला या कलेचे पहिले मोठे उदाहरण घराबाहेर शोधावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणांगणावरच्या त्या आकांतात त्यांचा देह निःसंशय ओळखला गेला की नाही, याविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. भाऊ कोठेतरी सुखरूप आहेत आणि एके दिवशी परत येतील, ही आशा कित्येकांना सोडवेना. खुद्द पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्याची चिन्हे अंगी लावून घेतली नाहीत. या आशेच्या पोटी तोतया जन्मास आला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' असे म्हणत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. न्यायाच्या दृष्टीने प्रकरण येथेच मिटले होते.

पण लोकांच्या मनात ते मिटले नव्हते. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले आणि राज्याची घडी विसकटली. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेत असलेल्या या तोतयाला तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनीच मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. परांजपे यांनी ते मनापासून मानले की सोयीचे म्हणून मानले, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. शिपाई, गडकरी आणि सामान्य रयत त्याच्या निशाणाखाली जमा झाली आणि कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले, ही गोष्ट खरी आहे. अखेरीस पुणे दरबारच्या फौजांनी त्याचा मोड केला, पळून जात असता तो आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. चौकशी होऊन निकाल लागलेला मनुष्य अकरा-बारा वर्षांनी पुन्हा हजारोंना खरा वाटतो, याचा अर्थ काय? त्या हजारोंना पुरावा कळत नव्हता असे नाही. ते पुरावा पाहतच नव्हते. ते भाऊंची वाट पाहत होते. ठकाने नवे काहीच निर्माण केले नव्हते. लोकांच्या मनात जे स्थान आधीच रिकामे होते, तेथे तो जाऊन बसला इतकेच.

तोतयाला स्वतःचे तोंड दाखवावे लागे, आणि म्हणून तो पकडलाही जाई. टपालाने ही अडचण दूर केली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत 'जेरुसलेमची पत्रे' या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार सुरू झाला. तुरुंगातला एखादा कैदी बाहेरच्या धनिकाला पत्र लिही. आपण एका उमरावाचे चाकर. धन्यासह देशाबाहेर पळत असता जडजवाहिराची पेटी अमुक तळ्यात टाकावी लागली. आता आपण दुर्दैवाने बंदिवासात आहोत. थोडी रक्कम मिळाल्यास पेटीचा ठावठिकाणा सांगता येईल. असा त्या पत्रांचा मजकूर असे. पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेला व्हिदॉक हा स्वतः पूर्वी गुन्हेगार होता, त्यामुळे त्याला या धंद्याची आतून माहिती होती. असल्या शंभर पत्रांपैकी विसांना उत्तर येई, असे त्याने नमूद केले आहे. पुढे या प्रकाराला स्पेनच्या कैद्याचे नाव मिळाले आणि तो समुद्र ओलांडून अमेरिकेपर्यंत गेला. परदेशातील कोणा मृत अधिकाऱ्याची कोट्यवधींची ठेव सोडविण्यासाठी थोडे शुल्क मागणारी जी पत्रे संगणकावर येतात, ती याच पत्रांची वंशज होत. कागद गेला, शाई गेली, पण मजकुराचा साचा दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

या पत्रांत एक हिशेब दडलेला आहे, तो ध्यानी घेतला पाहिजे. पत्र लिहिणाराला सर्वांना फसवावयाचे नसते. शंभरांतले ऐंशी हसून कागद फाडतात, याचे त्याला दुःख नाही. त्याला उरलेले वीस हवे असतात. आणि कोणता मनुष्य कोणत्या दिवशी त्या विसांत मोडेल, हे त्याच्या विद्वत्तेवर ठरत नाही. घरात आजार असतो, मुलगा परदेशी असतो, एखादे कर्ज डोक्यावर असते, नुकताच कोणी जिवलग गेलेला असतो. ऐंशींत असणारा मनुष्य अशा एखाद्या दिवशी विसांत येऊन पडतो.

केवळ बुद्धीचा प्रश्न असता, तर सर आयझॅक न्यूटन यांना तरी कोणी फसवावयास नको होते. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारा हा पुरुष पुढे लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्याने कसून माग काढला. चॅलोनर नावाच्या एका वस्ताद नाणेठकाला त्याच्याच प्रयत्नाने १६९९ साली फाशी झाली. ठकबाजी ओळखण्याचे याहून अधिक शिक्षण कोणाला मिळणार? तरीही १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या भागांचा बाजार तापला, तेव्हा न्यूटन त्यात सापडला. वर्षाच्या आरंभी सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला भाग उन्हाळ्यात हजार पौंडांच्या घरात गेला. न्यूटनने प्रथम आपले भाग वेळीच विकून चांगला नफा मिळविला होता, हे विशेष. पण भाव चढतच राहिला, भोवतालचे लोक श्रीमंत होताना दिसू लागले, आणि तो चढ्या भावाने पुन्हा बाजारात शिरला. वर्षअखेर भाव मूळ पदावर आला आणि न्यूटनचे हजारो पौंड बुडाले. ग्रहांची गती मोजणारी बुद्धी त्याच्यापाशी त्या उन्हाळ्यातही होतीच. मात्र शेजाऱ्याला मिळते ते आपल्याला मिळत नाही, ही बोचणी गणिताने शमत नाही.

यानंतरची हकिकत अधिक करुण आहे. ग्रेगर मॅक्‌ग्रेगर हा स्कॉटिश शिपाईगडी दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून १८२१ साली लंडनला परतला आणि 'पोयैस' नावाच्या देशाचा आपण अधिपती आहोत असे सांगू लागला. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील काही जंगली प्रदेश तेथील एका राजाकडून त्याने लिहून घेतला होता, एवढेच त्यात सत्य. बाकीचे सर्व त्याने कागदावर उभे केले. साडेतीनशेहून अधिक पृष्ठांचे एक माहितीपुस्तक निघाले. त्यात सुपीक जमीन, उत्तम हवा आणि सुंदर राजधानी यांचे वर्णन होते. देशाच्या नावाच्या नोटा छापल्या गेल्या. १८२२ साली लंडनच्या बाजारात पोयैस सरकारच्या नावाने दोन लक्ष पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले, आणि ते खपले. दक्षिण अमेरिकेत त्या काळी खरोखरच नवी राज्ये उदयास येत होती. त्या खऱ्यांच्या रांगेत हे एक खोटे राज्य सहज उभे राहिले.

दोन जहाजे भरून सुमारे अडीचशे माणसे या देशात राहावयास निघाली. त्यांत कारागीर होते तसेच वैद्य होते, सरकारी हुद्द्याची आशा बाळगणारे सुशिक्षित होते, बँकेचा कारभार पाहण्यासाठी नेमलेला गृहस्थ होता. १८२३ च्या आरंभी ती माणसे त्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तेथे राजधानी नव्हती, रस्ता नव्हता, घरही नव्हते. जंगल होते, आणि पुढे पाऊस व हिवताप आले. राजघराण्याचा चर्मकार नेमला जाण्याचे आश्वासन मिळालेल्या एका कारागिराने निराशेने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अडीचशेंपैकी सुमारे एकशे ऐंशी जण मृत्युमुखी पडले. पन्नासांहून कमी माणसे स्वदेशी परतली.

येथवर ही गोष्ट इतर फसवणुकींसारखीच आहे. तिचा उत्तरार्ध मात्र विचार करण्याजोगा आहे. परतलेल्यांपैकी कित्येकांनी मॅक्‌ग्रेगरच्या समर्थनाचे निवेदन सह्या करून प्रसिद्ध केले. दोष त्याचा नाही, त्याच्या हाताखालच्या माणसांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी आपली मुले त्या किनाऱ्यावर पुरली, त्यांनी असे का लिहावे? कारण दुसरे कबूल करावयाचे म्हणजे आपण आपल्याच हाताने लेकरांना मरणाच्या दारी नेले, हे कबूल करावयाचे. मनुष्याची बुद्धी या ठिकाणी त्याच्या विरुद्ध काम करू लागते. एकदा विश्वास टाकला, की पुढे येणारी प्रत्येक शंका दूर करण्याचे कामही तीच बुद्धी करते. आणि बुद्धी जितकी तल्लख, तितकी तिला सापडणारी कारणेही चांगली. मॅक्‌ग्रेगर १८४५ साली काराकास येथे लष्करी इतमामाने दफन झाला.

आशा आणि लोभ यांच्या गोष्टी झाल्या. भयाची आणि आज्ञाधारकपणाची गोष्ट जर्मनीतील आहे, आणि आजच्या काळाशी तिचे नाते सर्वांत जवळचे आहे. विल्हेल्म फोग्ट हा सत्तावन्न वर्षांचा चांभार. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेलेला. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून त्याने लष्करी कप्तानाच्या गणवेशाचे एकेक भाग जमविले आणि १६ ऑक्टोबर १९०६ रोजी तो अंगावर चढवून तो रस्त्यावर उभा राहिला. समोरून जाणाऱ्या शिपायांना त्याने आपल्या मागे येण्याचा हुकूम दिला. शिपाई आले. त्यांना घेऊन तो आगगाडीने बर्लिनजवळच्या कोपेनिक गावी गेला, नगरभवन ताब्यात घेतले, नगराध्यक्षाला कैद केले, खजिनदाराकडून हिशेब करवून घेतला आणि साडेतीन हजारांहून अधिक मार्कांची रोकड हस्तगत केली. त्या रकमेची रीतसर पावतीही त्याने लिहून दिली! नगराध्यक्षाला पहाऱ्यात बर्लिनला रवाना करून तो स्वतः निघून गेला.

नगराध्यक्ष सुशिक्षित होता, नगरभवनात पोलिस होते, कारकून होते. कोणाला एक तार करून चौकशी करावीशी वाटली नाही. या प्रकाराला सारे जग हसले. जर्मन सम्राटाने पुढे फोग्टला माफी दिली. पण त्या हसण्यात एक गोष्ट झाकली गेली. नगराध्यक्ष फसला तो कायदा न मानणारा होता म्हणून नव्हे. तो कायदा मानणारा होता, म्हणूनच फसला. एखाद्या अट्टल गुन्हेगाराला फोग्टने अशी अटक केली असती, तर त्याने पहिला प्रश्न वॉरंटाचा केला असता. सभ्य माणसाला सरकारी दरडावणीची सवय नसते. ती कानी पडताच त्याच्या तोंडून शब्द निघत नाही.

आता दूरध्वनीकडे वळू. या यंत्राने तोतयाला पत्राची अदृश्यता दिली आणि शिवाय जिवंत आवाज दिला. त्याची किमया काय असते, हे दिल्लीने २४ मे १९७१ रोजी पाहिले. स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील शाखेत त्या दिवशी मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. बोलणाराने प्रथम पंतप्रधानांचे सचिव म्हणून आणि मग खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी म्हणून त्यांच्याशी संभाषण केले. बांगलादेशच्या एका गुप्त कामासाठी साठ लक्ष रुपये ताबडतोब हवे आहेत. ते अमुक ठिकाणी भेटणाऱ्या गृहस्थाच्या हवाली करावेत. ओळखीसाठी 'बांगलादेश का बाबू' हे शब्द तो उच्चारील आणि 'बार-ॲट-लॉ' असे उत्तर द्यावे. पावती मागाहून मिळेल. मल्होत्रा यांनी रोकड पेटीत भरून गाडीत घातली, सांकेतिक शब्दांची देवघेव झाली आणि साठ लक्ष रुपये एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन झाले. पावती आणण्यासाठी ते पंतप्रधानांकडे गेले, तेव्हा असा दूरध्वनी कोणी केलाच नव्हता असे त्यांना कळले. त्याच रात्री रुस्तम सोहराब नगरवाला या माजी सैनिकी कप्तानाला पकडण्यात आले आणि बहुतेक सर्व रक्कम परत मिळाली. आपणच आवाज बदलून बोललो, असा कबुलीजबाब त्याने दिला. काही दिवसांतच त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च १९७२ मध्ये तो कैदेत असतानाच मरण पावला. या प्रकरणाविषयी पुढे पुष्कळ संशय व्यक्त झाले आणि १९७७ साली न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा चौकशी आयोगही बसला. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

न्यायालयापुढे आलेल्या हकिकतीतून जे दिसते, तेवढे येथे पुरे आहे. नोटा हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, धनादेशावरची सही जरा तिरपी असली तरी जो पैसे देणार नाही, अशा अधिकाऱ्याने सहीवाचून, कागदावाचून साठ लक्ष रुपये दिले. चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या होत्या. आज्ञा देशातील सर्वोच्च अधिकाराची होती. काम देशकार्याचे होते. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे तेव्हा रोज येत होते आणि देशाचे मन त्याच विषयाने भरले होते. वेळ नव्हता. आणि कोणाला सांगावयाचे नव्हते. या चारांतील पहिल्या तीन गोष्टींनी मनुष्याचा विचार थांबतो. चौथीने दुसऱ्याचा विचार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आजच्या प्रत्येक फसवणुकीत हे चार खांब जसेच्या तसे सापडतात.

या चौथ्या खांबाचे महत्त्व एका प्रसिद्ध प्रयोगाने स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ पासून ही प्रयोगमाला चालविली. पलीकडच्या खोलीतील मनुष्य चुकला की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आणि दर चुकीला तो वाढवीत न्यावयाचा, असा हुकूम करड्या डगल्यातील एक शास्त्रज्ञ देत असे. धक्के खोटे होते, विव्हळणारा मनुष्य नट होता. पण हुकूम पाळणाराला हे ठाऊक नव्हते. चाळीस सज्जन नागरिकांपैकी सव्वीस जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या धक्क्यापर्यंत गेले. पुढे मिल्ग्रॅमने यात फेरफार करून पाहिले. हुकूम देणारा समोर न राहता दूरध्वनीवरून बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारांचे प्रमाण एकपंचमांशाच्या आसपास उतरले. आणि शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी 'हे आम्ही करणार नाही' म्हणून काम सोडले, तेव्हा चाळीसांपैकी अवघे चार शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच होती, त्यांची बुद्धी तीच होती. शेजारी कोणी आहे की नाही, एवढाच फरक होता.

आजच्या ठकांनी हे प्रयोग वाचले असतील असे नाही. पण त्यांच्या धंद्याने त्यांना तेच शिकविले आहे. नुसत्या आवाजाचा अंमल कमी पडतो, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल घेतला. पडद्यावर गणवेशातील अधिकारी दिसतो, त्याच्या मागे पोलिस ठाण्याची पाटी दिसते, मुद्रा उमटविलेले वॉरंट दिसते. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे, असा आरोप ठेवला जातो. मग 'डिजिटल अटक' जाहीर होते. कॅमेऱ्यासमोरून हलावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, चौकशीसाठी सर्व पैसा सांगितलेल्या खात्यात भरावयाचा. कोपेनिकचा कप्तान आता घरात शिरला आहे, आणि त्याला आगगाडीचे तिकिटही काढावे लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना अशाच रीतीने सात कोटी रुपयांस फसविण्यात आले. त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करून सरन्यायाधीशांचा तोतयाही बसविला होता. वेळीच तक्रार झाल्याने त्यांतील पाच कोटींहून अधिक रक्कम पोलिसांना परत मिळविता आली. मुंबईतील, वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्या एका वृद्धेला डिसेंबर २०२४ पासून सुमारे दोन महिने या धाकात ठेवून वीस कोटींहून अधिक रुपये उकळण्यात आले. तिच्या वागण्यातील फरक प्रथम ध्यानी आला तो घरकाम करणाऱ्या बाईच्या, आणि तिने तो मुलीच्या कानावर घातला. भारत सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात डिजिटल अटक आणि तत्सम गुन्ह्यांच्या १,२३,००० हून अधिक तक्रारी झाल्या व सुमारे १,९३५ कोटी रुपये बुडाले.

या धंद्याची दुसरी बाजूही भयंकर आहे. पलीकडून बोलणारा प्रत्येक जण आपखुशीने बोलत असतो असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना कोंडून ठेवून ही कामे करावयास लावले जात असावे, असा अंदाज दिला आहे. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली ही माणसे. त्यांतही शिकलेली पुष्कळ. म्हणजे दूरध्वनीच्या दोन्ही टोकांना फसलेलेच बसलेले असतात, आणि पैसा तिसरा नेतो.

वीस कोटींच्या त्या प्रकरणाकडे पुन्हा पाहू. दार उघडले ते घरकामाच्या बाईने. तिला कायदा ठाऊक होता, की संगणकाचे ज्ञान होते? ती केवळ त्या संभाषणाच्या बाहेर होती. भयाच्या कक्षेत असलेल्या विद्वानापेक्षा बाहेर उभ्या असलेल्या साध्या माणसाला अधिक स्पष्ट दिसते, आणि ठक दुसऱ्या कोणाला सांगू नका असे बजावतो ते याच कारणाने. म्हणून सर्व उपदेशांचा सार एका वाक्यात सांगता येईल: पैशाची गोष्ट आणि गुप्ततेची अट एकत्र आली, की दूरध्वनी ठेवून घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला हाक मारावी. खरा अधिकारी त्याने रुसत नाही. भारतातील कोणत्याही कायद्यात दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद नाही, हे सरकारने वारंवार जाहीर केले आहे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी नभोवाणीवरील आपल्या भाषणात थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असाच सल्ला दिला होता. पैसा गेलाच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत तो खात्यांतच अडविता येण्याचा संभव असतो.

येथेच लाज आडवी येते. चारचौघांत शहाणा म्हणून नाव असलेला मनुष्य फसल्यावर ते तोंडाबाहेर काढीत नाही. मुले काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, या विचारात ते मोलाचे तास निघून जातात. काही जणांच्या बाबतीत रकमेपेक्षा ही लाजच अधिक घातक ठरली आहे. पोयैसहून परतलेल्यांनी ठकाचे समर्थन केले ते याच लाजेपोटी. ही लाज एकट्या फसलेल्याने निर्माण केलेली नसते. फसणारा तो मूर्खच, असे प्रत्येक वेळी हसून म्हणणाऱ्या आप्तेष्टांचा तिच्यात मोठा वाटा असतो. ज्या घरात वडीलधाऱ्याला, आपण फसलो हे मुलांपुढे निःसंकोच सांगता येते, त्या घरातून ठकाला हात हलवीत परत जावे लागण्याचा संभव अधिक. शहाणपण प्रत्येकाच्या डोक्यात असतेच. पण भयाच्या घटकेला ते शेजारच्या डोक्यातून मागून घ्यावे लागते, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.